तात्या वजनकाटा होतात तेव्हा

साठीला टेकलेला माणूस उसाचा वजनकाटा झालेला तुम्ही कधी पाहिलाय का? मी पाहिलाय. उद्यमनगरात, भर कचेरीत, पांढरा पायजमा आणि टोपी घालून.

हे आमचे हिंदुरावतात्या. आमच्या छोट्या कंपनीत आम्ही स्वतःचा संगणक बांधत होतो आणि त्याची ऑपरेटिंग सिस्टिमही स्वतःच लिहीत होतो. तिच्या पोटात असतो कर्नल, म्हणजे सगळ्यांना कामं वाटून देणारा मुकादम. बाहेरचं यंत्र या मुकादमाशी बोलतं ते ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅममार्फत. असा प्रत्येक ड्रायव्हर तपासून सही करायची, हे तात्यांचं काम.

तात्या मूळचे फाउंड्रीतले. ओतकामाचा नग हातोडीनं वाजवून, कान लावून ते आतली चीर ओळखत. संगणक आल्यावर हट्टानं प्रोग्रॅम वाचायला शिकले, पण वाजवायची सवय गेली नाही. प्रोग्रॅम छापलेल्या कागदावर लाल पेन्सिल आपटत म्हणायचे, "बद्द वाजतंय रं." आणि मग स्वतःच यंत्र व्हायचे. प्रिंटरच्या वेळी त्यांनी अर्धा तास तोंडानं चर्रर्र केलं आणि कागद संपला म्हणून जीभ बाहेर काढून बसले. त्या दिवशी भेटायला आलेले बँकेचे साहेब चहा न घेताच गेले.

काट्याचा ड्रायव्हर मी लिहिला होता, आणि नुसता पगारासाठी नव्हता लिहिला. ऊस पिकवायचा शेतकऱ्यानं आणि त्याचं वजन ठरवायचं काट्यावरच्या बाबूनं, हे मला लहानपणापासून डाचत होतं. त्यावर मी गावोगाव पत्रकं वाटली होती. आता काटा थेट संगणकाला वजन सांगणार होता, मध्ये कुणाचा हात नाही. शिरोळकडच्या एका कारखान्यावर सोमवारी गळीत सुरू होणार होतं. त्याआधी तात्यांची सही झाली नाही, तर हाही हंगाम बाबूच्या पेनावर जाणार होता.

शुक्रवारी तात्या स्टुलावर बसले. हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले.

"मी काटा. तू कर्नल. इचार."

मी कागदाप्रमाणे विचारलं, "वजन किती?"

"बारा टन चारशे."

"वजन किती?"

"नऊ टन साडेसाशे."

"वजन किती?"

काटा गप्प.

"तात्या? बोला की!"

एक डोळा उघडला. "काट्याची तार उंदरानं खाल्लीया. आता कागदात काय लिवलंयस?"

लिहिलं होतं, उत्तर येईपर्यंत विचारत राहा.

"मग इचारत ऱ्हा की."

मी विचारत राहिलो. फोन वाजला म्हणून उठलो, तर तात्या गरजले, "बस खाली! कर्नल गुतलाय!" जेवणाची सुट्टी झाली. सगळे डबे उघडून आमच्याभोवती तमाशा बघत बसले. कुणीतरी मुद्दाम माझ्या नाकासमोरून खर्डा-भाकरी नेली. माझा घसा बसला आणि मी भडकलो. "हा जुलूम आहे तात्या! तपासणीच्या नावाखाली चाललेला जुलूम!"

"जुलूम तुजाच हाय. येक काटा गप बसला, तर तू समदा संगणक उपाशी ठेवलास. वाट बघायला हद्द घाल."

घातली. तीनदा विचारायचं, उत्तर नाही आलं तर घंटा वाजवून पुढच्या कामाला लागायचं.

शनिवारी तात्या आलेच नाहीत. कागद घेऊन मी सायकल हाणत मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेलाय, एवढं ऐकून होतो.

"काकींची तब्येत कशी आहे?" मी तात्यांना विचारलं.

"मला काय इचारतोस? ती हितंच हाय की."

मी काकींना विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं, मग आणखी एकदा. त्या नुसत्या बघत होत्या. मी समजल्यासारखी मान हलवली आणि कागद काढून तात्यांपुढे धरला.

त्यांनी तो घेतला नाही. काल बसले होते तसेच बसले, हात गुडघ्यांवर ठेवून.

"थांब," म्हणाले. "हितं हद्द न्हाय."

दारावरून भाजीवाली ओरडत गेली. स्टोव्हवरचं दूध वर आलं, उतू गेलं, करपल्याचा वास सुटला. तात्या जागचे हलले नाहीत. काकींचे ओठ हलू लागले.

"ब... बरी हाय." मग बऱ्याच वेळानं, "काल... जेवला न्हाईस... व्हय रं?"

तात्यांनी मांडीवर थाप मारली. "बघ! सकाळधरनं कायतरी इचारायचं चाललंतं तिचं. कालची गंमत सांगितलीती न्हवं. ऐकल्याबिगर कामावर कसा यीऊ?"

मग कागदावर पेन्सिल आपटली, कान लावला आणि सही केली. काकींनी मला भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. वाढली तात्यांनी, करपलेल्या दुधासकट.

सोमवारी काटा बोलू लागला. पण मी, माणसांच्या हक्कांची पत्रकं वाटणारा, काकींच्या देखत त्यांची तब्येत दुसऱ्याला विचारून बसलो होतो. म्हणून एक मागणं आहे. तुमच्या गल्लीतही अशी एखादी खुर्ची असेल. आज तिथं जा. त्या खुर्चीतल्या माणसालाच विचारा, आणि घरातलं दूध उतू गेलं तरी उत्तर येईपर्यंत उठू नका.