खारीने दाराला जाळं लावलं त्याची गोष्ट

मुलांनो, एका जंगलात एक खार राहायची आणि तिला झोप लागत नव्हती.

भुकेमुळे नाही. उलटच होतं. एका जुन्या झाडावरच्या तिच्या ढोलीत शेंगदाणे होते, हरभऱ्याची डाळ होती, कण्या होत्या, गूळ होता, साखर होती, तुपाची बरणी होती. पाय पसरायला जागा नव्हती. आणि एवढं सगळं घरात असताना बाहेरून आपलं घर कसं दिसत असेल, या काळजीने ती टक्क जागी राहायची.

खारीचं नाव झुबकी. तिच्या नवऱ्याचं नाव खारोबा. त्यांची मुलगी टिकली. टिकली प्रश्न विचारण्याइतकी मोठी होती, पण उत्तर लपवण्याइतकी मोठी नव्हती.

झालं होतं असं. नदीपलीकडच्या रानाला वणवा लागला. तिथली वानरांची टोळी नदी ओलांडून अलीकडे आली. टोळी भुकेली होती. ज्या घरात खायला असेल असं वाटेल, ते घर ती फोडायची आणि सगळं घेऊन जायची.

सिंहमहाराजांनी टिटवीकडून दवंडी पिटवली.

"ऐका हो ऐका! प्रत्येकाने आपापल्या घरात बसावं! महाराज स्वतः गुहेत बसले आहेत! घाबरू नये! साठा करू नये! केला असल्यास दिसू देऊ नये!"

दवंडी ऐकून ज्यांनी साठा केला नव्हता, त्यांनीही केला.

झुबकी शिकलेली होती. घुबडगुरुजींच्या शाळेत तिचा पहिला नंबर यायचा. शिकलेल्या आईचं कसं असतं, मुलांनो, तिला नुसती काळजी करता येत नाही. काळजीला माहिती लागते. ती माहिती पोपट पुरवायचे. रोज एक पोपट फांदीवर येऊन बसायचा आणि म्हणायचा, "मला आलं तसं पुढे सांगतोय. खरं-खोटं माहीत नाही." मग सांगायचा.

पोपट म्हणाला, टरफलं बाहेर टाकू नका. झुबकी टरफलं घरातच ठेवायला लागली.

पोपट म्हणाला, फोडणी करू नका, वास जातो. झुबकीच्या घरात बिनफोडणीची आमटी शिजायला लागली.

पोपट म्हणाला, शेपटी फुललेली दिसली की ओळखतात, हे पोटभर जेवतात. झुबकीने तिघांच्या शेपट्या पाणी लावून चोपून बसवल्या. खारोबा उंदरासारखा दिसायला लागला. त्या दिवशी तो आरशासमोर जरा जास्त वेळ उभा राहिला.

मग झुबकीला स्वतःचं असं एक सुचलं. तिने कोळ्याला बोलावलं.

"दारावर जाळं विणून द्याल?"

"ताजं हवं की जुनं वाटेल असं?" कोळ्याने विचारलं.

"जुनं. धूळ बसलेलं."

"धूळ तुमची तुम्ही आणायची."

तिने आणली. जाळं इतकं छान झालं की बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, इथे वर्षानुवर्षं कोणी फिरकलेलं नाही. झुबकीने समोरच्या फांदीवर जाऊन स्वतःचं घर पाहिलं. इतकं ओसाड घर तिने कधी पाहिलं नव्हतं. तिला भरून आलं.

"अहो, हळू शिंका," ती खारोबाला म्हणाली.

"हळू कसा शिंकू? येते ती येते."

"घुबडगुरुजी शिंकल्याचं कधी ऐकलंत?"

"ते शिकवतानाही ऐकू यायचे नाहीत."

मग टिकलीची तयारी. "कोणी विचारलं, घरात काय आहे, तर काय म्हणायचं?"

"काही नाही."

"आणि?"

"आम्हीपण नाही."

"शाब्बास."

मुलीला खोटं शिकवताना झुबकीला जरा कसंतरी व्हायचं. पण याला खोटं म्हणायचं नाही, खबरदारी म्हणायचं, असं तिने ठरवलं. शब्द बदलला की तिला बरं वाटायचं. शिकलेल्यांकडे शब्द पुष्कळ असतात, मुलांनो. म्हणून तर शिकायचं.

आता त्याच झाडावर, खालच्या फांदीच्या बेचक्यात, होलावहिनी राहायच्या. होला म्हणजे तो साधा, राखाडी, घुमणारा पक्षी. त्या वणव्यातून पिल्लाला घेऊन आल्या होत्या. चार काड्या आडव्या, चार उभ्या, एवढंच त्यांचं घर. दार नव्हतंच, त्यामुळे जाळं कुठे लावायचं हा प्रश्न नव्हता.

एका सकाळी होलावहिनी रिकामी वाटी घेऊन वर आल्या. जाळ्याला धक्का लागू नये म्हणून जरा लांबच उभ्या राहिल्या.

"झुबकीताई, आहात का?"

टिकलीने तोंड उघडलं. झुबकीने त्यावर हात ठेवला.

"पिल्लाला भरवण्यापुरत्या कण्या हव्या होत्या. असल्या तर. नसल्या तर राहू दे."

कण्यांचा डबा झुबकीच्या पाठीलाच टेकलेला होता. मूठभर दिल्या असत्या तर डब्याला कळलंही नसतं. पण झुबकीचं डोकं पहिल्या नंबरचं. ते पुढचं बघायला लागलं. कण्या खाऊन पिल्लू बाळसं धरेल. ते बाळसं लोकांना दिसेल. लोक विचारतील, कुठून आलं? होलावहिनी साध्या, त्या सांगून टाकतील. मग टोळी येईल. मग टिकली काय खाईल?

झुबकी जाळ्याआडून बारीक आवाजात म्हणाली, "नाही हो वहिनी. आमच्याकडेही काहीच नाही."

"अगं बाई," होलावहिनी म्हणाल्या. "तुमच्याकडेही नाही? आणि टिकली एवढीशी. थांबा, मला काल दोन उंबरं सापडलीत. एक पाठवू का तिला?"

"नको नको," झुबकी घाईने म्हणाली.

वाटी आली तशी रिकामी खाली गेली. त्या दुपारी झुबकीला जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण नेहमीसारखी चव लागली नाही. अर्थात फोडणी नव्हती, त्यामुळे नक्की कशाने ते सांगणं कठीण आहे.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या साळुंकीकाकू आल्या. काकू लांब उभ्या राहत नसत.

"झुबके! ए झुबके! आहेस ते माहितीये मला. हे जाळं परवा नव्हतं."

जाळ्याच्या खालच्या कोपऱ्यातून एक स्टीलची वाटी आत सरकली. वाटीवर नाव कोरलेलं होतं, 'सौ. साळुंकी'. आत कैरीचं लोणचं.

"चवीपुरतं आहे हो. आमच्याकडेही काहीच नाही म्हणा. वाटी पाठव सावकाश. घाई नाही."

मुलांनो, 'घाई नाही' म्हणजे उद्या दुपारच्या आत.

झुबकी वाटीकडे बघत बसली. भरून आलेली वाटी रिकामी परत पाठवायची नाही, हे तिला घुबडगुरुजींनी शिकवलं नव्हतं. ते तिला शाळेच्याही आधीपासून येत होतं.

"चिमूटभर साखर घालून दे," खारोबा म्हणाला.

"चिमूटभर? काकू झाडभर सांगतील, खारीने चिमूट पाठवली."

"मग शेंगदाणे घाल."

"लोणच्याच्या बदल्यात कच्चे शेंगदाणे? अहो, काय वाटेल?"

"मग रिकामी पाठव. आपल्याकडे काही नाही ना? आपण नाहीच आहोत ना?"

झुबकीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याची चोपून बसवलेली शेपटी पुन्हा फुलली. "वळण नाही म्हणतील," ती म्हणाली. "मला म्हणाले तर चालेल. माझ्या आईला म्हणतील."

बराच विचार करून तिने ठरवलं, बेसनाचा लाडू. एकच. वाटीत सुबक दिसेल, फार नाही आणि कमी नाही.

पण बेसन भाजावं लागतं. तुपात, मंद आचेवर, रंग बदलेपर्यंत. आणि मुलांनो, लाडू एकच केला तरी वास एकापुरताच येतो असं नाही. तो जाळ्याच्या प्रत्येक भोकातून बाहेर पडला. फांदीवरून खाली उतरला. वर चढला. पानापानात बसला. जाळं ओसाड, धूळ ओसाड, आणि मधून तुपात भाजलेल्या बेसनाचा दरवळ.

साळुंकीकाकूंनी लाडू पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. लोणच्यावर लाडू म्हणजे वरचढ झाली. आता त्यांना परत काहीतरी पाठवणं आलं. त्यांनी चकल्या तळल्या. चकल्यांचा वास शेजारच्या लांब चोचीच्या धनेशांकडे गेला, तर त्यांना वाटी पाठवणं आलं. धनेशांनी शंकरपाळे केले. त्यांच्याकडून वाटी वाघळांकडे, वाघळांकडून पुन्हा काकूंकडे. एव्हाना झुबकीचं बघून प्रत्येकाने दाराला जाळं लावून घेतलं होतं. जाळ्याच्या खालच्या कोपऱ्यातून वाट्या येत होत्या, जात होत्या. आणि प्रत्येक वाटीबरोबर एक वाक्य जात होतं, "आमच्याकडे काहीच नाही हो, हे आपलं चवीला."

एकाच घरी वाटी गेली नाही. होलावहिनींकडे. त्यात कोणाचीच चूक नव्हती. भरून आलेली वाटी रिकामी परत पाठवायची नाही, असा नियम आहे. रिकामी आलेली वाटी भरून पाठवायची, असा नियम कुठे आहे?

अशा वेळी टोळी आली.

टोळीचा म्होरक्या हुप्पेराव झाडाखाली उभा राहिला. त्याने डोळे मिटून श्वास घेतला. "बेसन," तो म्हणाला. "चकली. शंकरपाळे. या झाडावर तर दिवाळी आहे."

"पण राहतं कोण?" एका वानराने विचारलं. "सगळ्या दारांना जाळी आहेत."

जाळ्याआड झुबकीने टिकलीला पोटाशी घट्ट धरलं. आपल्या श्वासानेही जाळं हलेल अशी तिला भीती वाटली. जन्मात पहिल्यांदा तिने देवाकडे काही मागितलं नाही. आपण घरी आहोत हे देवालाही कळू नये, असं तिला वाटत होतं.

हुप्पेरावाने झाडाला एक चक्कर मारली. तोही विचारी होता.

"जाळी आहेत तिथे कोणी राहत नाही, हे उघड आहे," तो म्हणाला. "मग एवढं रांधतं कोण? नांदतं घर इथे एकच दिसतंय." त्याने बेचक्याकडे बोट केलं. "आणि बघा, हिने दारसुद्धा लावलेलं नाही. हिला कसली भीतीच नाही. म्हणजे हिच्याकडे किती असेल!"

सगळ्या वानरांना हे पटलं. झाडावरच्या सगळ्यांनाही पटलं, पण कोणी बोलून दाखवलं नाही.

"कुठे ठेवलंय?" हुप्पेरावाने होलावहिनींना विचारलं.

"माझ्याकडे काही नाही हो दादा."

"सगळे असंच म्हणतात."

त्यांनी काड्या उपसल्या. एकेक काडी उचलून तिच्याखाली पाहिलं. आडव्या झाल्या, मग उभ्या काढल्या. होलावहिनी उघड्या फांदीवर पिल्लाला पंखाखाली घेऊन उभ्या होत्या. खोडाच्या खाचेत एक उंबर होतं, तेवढं वानरांनी घेतलं.

"बाकीचं पुरून ठेवलं असणार," हुप्पेराव म्हणाला. "चला, पाणी पिऊन येऊ. आल्यावर पिल्लाला विचारू. पिल्लं खरं बोलतात."

टोळी ओढ्यावर पाणी प्यायला गेली. ओढा काही लांब नव्हता. पाणी पिण्याचा आवाज झाडावर स्पष्ट येत होता.

प्रत्येक जाळ्याआड डोळे होते. खाली होलावहिनी एकेक काडी चोचीत धरून परत जागेवर ठेवत होत्या. पिल्लू चिवचिवत होतं. त्या त्याला हळूच गप्प करत होत्या, कोणाला त्रास नको म्हणून.

झुबकीच्या डोळ्यांत पाणी आलं. सुटल्याचं होतं की लाजेचं, ते तिला ठरवता येईना, आणि एवढं शिकूनही ठरवता येत नाही याची तिला वेगळी लाज वाटली. ती टिकलीच्या कानाशी लागली.

"बाळा, संपलं हं. आपण वाचलो. बघितलंस ना, गप्प राहिल्याने काय होतं?"

टिकलीने बघितलं होतं. जाळ्याच्या भोकातून तिने सगळं बघितलं होतं. तिने आईचा हात बाजूला केला, डोक्याने सरळ जाळं फाडलं आणि अर्धी बाहेर येऊन, ओढ्यापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडली,

"होलाकाकू! पिल्लाला घेऊन वर या ना! आमच्याकडे कण्या आहेत, डाळ आहे, गूळ आहे, आणि तो लाडू माझ्या आईने केला होता!"

तात्पर्य : चांगल्या वळणाने घराचं फार नुकसान होतं. ते मोठ्यांपुरतं आणि वाटीपुरतंच ठेवावं. मुलांना लावू नये.