एका पायावरचा प्रचार

विज्ञान मंडळाच्या अध्यक्षपदासाठी मी अमावस्येलाच अर्ज भरणार, हे मी विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये टेबलावर हात आपटून जाहीर केलं. चहा उडाला तो शिवराजच्या शर्टावर.

शिवराज म्हणजे माझा प्रतिस्पर्धी. रसायनशास्त्र शिकतो आणि मुहूर्त काढून देणाऱ्या गुरुजींना विचारल्याशिवाय परीक्षानळीसुद्धा धूत नाही. त्याचा अर्ज मुहूर्त बघून कधीच भरून झाला होता.

"मोनिका, अमावस्येला काही वाईट झालं तर?" शर्ट पुसत त्यानं विचारलं.

"काय होतंय ते बघूच."

संध्याकाळी गावाहून, कन्नडहून, आईचा फोन. "मोने, एक दिवस थांबलीस तर मंडळ पळून जाणार हाय का?"

"आई, चंद्र दिसत नाय म्हणून थांबू? अर्ज दिवसा भरायचाय."

भरला. झोकात भरला. परतताना मैत्रीण कहकशाच्या स्कूटीवर मागं बसले होते. क्रांती चौकात सिग्नल लागला, गाडी थांबली. मी टेकायला म्हणून डावा पाय खाली सोडला, तो फुटपाथच्या कडेवरून सटकला आणि मी रस्त्यावर. चालत्या गाडीवरून पडले असते तर थोडी तरी इज्जत राहिली असती.

घोटा वांग्यासारखा टरारला. डॉक्टर म्हणाले, मुरगळलाय, पाय टेकवू नका.

"चुनाव गया," कहकशा म्हणाली.

"काही जात नाय. कुणाला कळूच द्यायचं नाय. शिवराजला कळलं तर मी नाय, अमावस्या हरवल मला."

मग मी पायघोळ सलवारीखाली पट्टी बांधली आणि प्रचाराला लागले. कहकशाच्या खांद्यावर हात टाकून हिंडायचं, लोकांना वाटावं काय जिवलग मैत्रिणी आहेत. थांबले की डावा पाय हळूच उचलून धरायचा.

उमेदवारांच्या भाषणाच्या दिवशी शिवराज खुर्चीत बसून बोलला. मला खुर्ची दिली तर मी म्हणाले, "विज्ञानाची बाजू मी उभ्यानंच मांडते." कारण एकदा बसले असते तर सगळ्यांसमोर उठणं जमलं नसतं. अंधश्रद्धेवर मी जे काय झोडपून काढलं, ते सगळं बगळ्यासारखं एका पायावर.

दुसऱ्या दिवशी वसतिगृहात सोनिया नावाची मुलगी दारात आली. हातात नारळ.

"ताई, माझा सूक्ष्मजीवशास्त्राचा पेपर राहिलाय. तुमच्या संकल्पात माझंबी नाव घ्या ना."

"कसला संकल्प?"

"तेच की. अमावस्येपासून एका पायावर उभं राहायचा. लई कडक असतो म्हणतात."

मी नारळ परत केला आणि तिला अर्धा तास सुनावलं. ती हात जोडून ऐकत राहिली आणि जाताना नारळ उंबऱ्यावर ठेवून गेली.

"सच बोल दे ना, गिर गई थी करके," कहकशा म्हणाली.

"पडले म्हणलं तर अमावस्या खरी ठरती. गप बसले तर तप खरं ठरतंय. मी करू काय?"

"खोबरे की चटणी कर." ती तोवर नारळ फोडायला बसली होती.

मतदानाच्या सकाळी शिवराज स्वतः भेटायला आला. आवाज एकदम खाली. "गुरुजी म्हणाले, तपाच्या आड येऊ नको. माघारीची मुदत गेली, नायतर अर्जच काढला असता. माझ्या पोरांना सांगितलंय, मतं मोनिकाताईला."

"शिवराज, मला असली मतं नकोत."

"तेबी गुरुजी म्हणालेच होते. ती नाय म्हणल."

मी निवडून आले. शिवराजला एक मत पडलं, ते माझं. रागाच्या भरात टाकलं होतं.

पण गप बसणाऱ्यातली मी नव्हे. निकालानंतर माईक घेतला, सलवार घोट्याच्या वर उचलली आणि भरल्या सभागृहाला सुजलेला पाय दाखवला. "कसलं तप आणि कसला संकल्प. मी स्कूटीवरून पडले. अमावस्येलाच पडले, पण अमावस्येमुळं नाय, फुटपाथमुळं. आणि गाडी उभी होती."

मला वाटलं, आता पडला उजेड. तेवढ्यात शिवराजनं माझ्या हातातून माईक घेतला.

"बघा. निवडून आल्या तरी गर्व नाय. खरं तप करणारा माणूस तप सांगत नसतो."

टाळ्या थांबेनात. त्या गडबडीत तो पाया पडायला वाकला आणि नेमका डावा घोटा धरला. मी जी किंकाळी फोडली, ती ऐकून मागच्या रांगांनीही हात जोडले.

अध्यक्ष या नात्यानं माझा पहिला ठराव मी तिथंच, कळ मारत असतानाच मांडला: मंडळात कुणीही कुणाच्या पाया पडायचं नाही. कारण वैज्ञानिक आहे, पण ते मी सांगत बसले नाही.