सदतीस गाणी आणि एक ग्राइंडर

चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या ‘कडक कापी’, म्हणजे कडक कॉफी, या बँडने एकोणीस दिवसांत सदतीस गाणी रचली. लिफ्टवर दोन, केमिस्ट्रीवर चार, बंद पडलेल्या एसीवर तर अख्खी मालिका. गिटार आणि गळा निधीचा, ड्रम्स अनयचे, कीबोर्ड हरिप्रियाचा. अकरावीतच एवढी प्रतिभा, तर बारावीत आपलं काय होणार, अशी निधीला खरोखरच काळजी वाटायची. गेल्या वर्षापर्यंत हीच निधी समूहगीतात मागच्या रांगेत नुसते ओठ हलवत होती. आता शनिवारी शाळेच्या कल्चरल्समध्ये स्टेजवर गाण्यासाठी तिने आपणहून नाव दिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा.

सरावाची जागा सोसायटीची गच्ची. अट प्रतापसिंहकाकांची, ते अनयचे बाबा आणि सोसायटीचे सेक्रेटरी. गच्चीखालच्या सईबाई आजींचा इडलीचा ग्राइंडर सुरू असेल तेवढाच वेळ वाजवायचं.

"तेव्हा तसेही आमचे कान गेलेलेच असतात," काका म्हणाले.

आजी तंजावरच्या आणि ग्राइंडर बहुधा त्यांच्याच वयाचा. दगडाचा एक टवका उडालेला, त्यामुळे दर फेरीला घर्र, घर्र, खट्. अनय त्या खट्‌वर ठोका धरायचा, निधी त्या घरघरीच्या वर आवाज चढवायची, आणि पीठ होईस्तोवर एक गाणं होऊन जायचं. पूर्वी ग्राइंडर आठवड्यातून दोनदा लागे. आता तो दिवसातून दोनदा लागू लागला. देव आपल्या बाजूने आहे, असं निधीने जाहीर करून टाकलं.

एवढं पीठ मात्र देवालाही संपेना. आजी डबे घेऊन दारोदार फिरू लागल्या आणि लोक त्यांना बघून जिन्याने पळू लागले. बुधवारी काकांच्या गाडीत विसरलेला डबा उन्हात फुगला, झाकण उडालं, आणि पीठ थेट गिअरपर्यंत पोचलं. काका तसेच आजींच्या दारात. एवढं पीठ करता तरी कशाला?

"काय करूं रे," आजी म्हणाल्या, "मी ग्राइंडर बंद केला की पोरं गप होतात. गाणं अर्धं राहील म्हणून आणखी तांदूळ भिजवते."

काकांनी ग्राइंडर फक्त रविवारी लावायचा, असं ठरवून टाकलं. दोन दिवस बँडने शाळेत मधल्या सुट्टीत सराव केला. खट् नाही म्हटल्यावर अनय पुढे पळायचा, हरिप्रिया मागे राहायची, आणि सदतीसपैकी एकही गाणं दुसरं कडवं बघेना. निधीला पुन्हा ती मागची रांग दिसू लागली.

शनिवारी ग्राइंडर ऑटोत बसून शाळेत आला. सोबत आजी आणि भिजवलेले दोन किलो तांदूळ, कारण रिकामा फिरवला तर दगड झिजतो.

घर्र, घर्र, खट्. गाणं अगदी रंगात आलं. दुसऱ्या कडव्यावर ग्राइंडरने एक आचका दिला आणि अख्ख्या हॉलची वीज गेली. माइक मुका, कीबोर्ड मुका. ग्राइंडर थांबला म्हणून अनयचे हातही सवयीने थांबले. निधीला मात्र थांबायचं सुचलंच नाही. एकोणीस दिवस घरघरीच्या वर चढलेला तो आवाज अंधारात सरळ मागच्या रांगेपर्यंत गेला, तिथून बाहेर कँटीनपर्यंत. गाणं संपलं तेव्हा वॉचमनसुद्धा टाळ्या वाजवत होता.

आजी पिठाचे हात पदराला पुसत तिच्याजवळ आल्या.

"ग्राइंडर बंद झाला गे," त्या म्हणाल्या, "तरी तू कशी नाही झालीस?"

पहिल्या रांगेत बसलेल्या प्रतापसिंहकाकांनी ते ऐकलं, आणि गच्चीवरची आपली अट आठवून त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.