इंजिनाचा दम आणि दुसरं वळण

चढाच्या दुसऱ्या वळणावर गाडी धापा टाकू लागली, तशी पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरची आई सवयीने सुनेला म्हणाली, "चल गं, आलं आपलं ठिकाण."

दोघी उतरल्या. हलकी झालेली गाडी रडतखडत वर पोहोचली. सासुरवाडीच्या फाटकात बाइंडरचे सासरेबुवा हजर होतेच. उभी हयात ट्रक चालवलेला माणूस तो. जावई किती माणसं उतरवून आलाय हे नुसत्या आवाजावरून सांगायचा.

"काय जावईबापू, आजही मंडळी पायीच का?"

दर रविवारचं हे बोलणं बाइंडरच्या जिव्हारी लागत असे. त्या दिवशी मात्र त्याचा तोल गेला. "पुढच्या रविवारी सगळे बसून वर येऊ. नाही आलो तर नावाचा बाइंडर नाही!" सासरेबुवांनी तिथल्या तिथे आपल्या दोन जुन्या ड्रायव्हर दोस्तांना फोन लावून मजा बघायला बोलावलं.

आता पुस्तकांना पुठ्ठे चढवता चढवता बाइंडरला जगातली प्रत्येक वस्तू उघडी वाटू लागली होती. त्याच्या घरी रिमोटला पिशवी होती आणि पिशवीला खोळ. अशा माणसाला दोन वर्षांच्या गाडीचं इंजिन कुणाच्या हाती द्यायचं म्हणजे ते उघड्यावर टाकल्यासारखंच वाटायचं.

सोमवारी तो शोरूममध्ये गेला. तिथला टायवाला म्हणाला, "कंपनीचंच किट आहे, सर. ताकद वाढेल, वॉरंटीला धक्का नाही. फक्त दीड महिना थांबावं लागेल."

"आणि बाहेरून ट्यूनिंग केलं तर?"

टायवाल्याने शोकसभेला शोभेल असा चेहरा केला. "तुमची मर्जी. पण वॉरंटीला रामराम."

मंगळवारी तो ट्यूनिंगवाल्याच्या गॅरेजमध्ये. "अहो, इंजिनात दम असतोच," मांडीवर लॅपटॉप घेऊन तो म्हणाला. "कंपनी तो दाबून ठेवते आणि किटच्या नावाने तुम्हालाच परत विकते. मी एका तासात मोकळा करतो. आजवर माझ्याकडचं एकही इंजिन परत आलेलं नाही."

परत आलं नाही म्हणजे नीट चाललं, की वाटेतच संपलं, हे काही बाइंडरला कळेना. बुधवारी त्याने एका वहीत 'कंपनी' आणि 'बाहेर' असे दोन रकाने आखले. गुरुवारी त्या वहीला कव्हर घातलं.

"ज्यांनी गाडी बनवली त्यांनाच कळणार ना रे," शुक्रवारी आई म्हणाली.

"आई, ज्यांनी अशी बनवली त्यांनाच परत विचारायचं?" सून म्हणाली. मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, दीड महिना आहे कुठे? रविवार परवावर आलाय."

शनिवारी सकाळी ट्यूनिंगवाल्याने गाडीला लॅपटॉपची वायर जोडली, शेजारी बसला आणि पुलाच्या चढावर गाडी घ्यायला लावली.

"दाबा अॅक्सिलरेटर. पूर्ण."

"पूर्णच दाबलाय."

"इथे तर साठ टक्के दाखवतंय."

"अहो, याच्यापुढे तो जातच नाही!"

गाडी कडेला घेतली. ट्यूनिंगवाल्याने वाकून पायाखालचं रबरी मॅट ओढलं. खाली गालिचा निघाला. गालिच्याखाली कडेने कापडी पट्टी चिकटवलेला जाड पुठ्ठा, खास बाइंडरच्या हातचा. आणि तळाशी कंपनीचं मॅट, प्लास्टिकच्या वेष्टनासकट.

"तुम्हाला ट्यूनिंग नको, साहेब," लॅपटॉप मिटत तो म्हणाला. "झाडलोट हवीय."

बाइंडर कानापर्यंत लाल झाला. घरी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, "बाहेरच करून घेतलं. काम फार खोलात होतं."

रविवारी गाडीने पहिलं वळण कधी मागे टाकलं ते कळलंही नाही. दुसरं आलं आणि बाइंडरची छाती फुगली. तेवढ्यात मागून आई ओरडली, "अरे थांब, थांब! आमचं ठिकाण!"

"आई, गाडी चढतेय!"

"चढू दे की. आम्ही उतरतो. आठवड्याचं बोलणं साठलंय आमचं."

"घरी बोला ना!"

"अहो, घरी तुम्ही असता," बायको म्हणाली. "तुमच्याबद्दल तुमच्यासमोर कसं बोलायचं?"

"आजचा दिवस तरी! वर तिघं जण वाट बघताहेत!"

पण दारं उघडली होती. मिटायच्या आत बाइंडरला आईचं "आणि त्या वहीलासुद्धा कव्हर..." एवढं ऐकू आलं, पाठोपाठ दोघींचं हसणं.

गाडी दिमाखात फाटकाशी येऊन थांबली. तीन खुर्च्यांवरचे तीन ड्रायव्हर उठले. सासरेबुवांनी रिकाम्या मागच्या सीटवर नजर टाकली.

"इंजिन तर ठणठणीत वाटतंय. मग उतरवलंत कशाला?"

"त्यांनाच उतरायचं होतं."

तिघंही पोट धरून हसले. "ट्रक बंद पडला की मीही मालकाला हेच सांगायचो," सासरेबुवा डोळे पुसत म्हणाले. "मालालाच उतरायचं होतं!"

त्यांना पटवायचं तर गाडी कशी सुधारली तेही, म्हणजे मॅटचं, सांगावं लागणार होतं. बाइंडरने खाली पाहिलं. दुसऱ्या वळणावर दोघी अजून तिथेच उभ्या होत्या आणि सून हातवारे करून कुणाची तरी नक्कल करत होती. ती कुणाची, हे ओळखायला त्याला लॅपटॉपची गरज नव्हती. का कोण जाणे, त्याला बरंच वाटलं. त्याने आतून चौथी खुर्ची आणली, तिच्यावरची धूळ रुमालाने नीट पुसली आणि तो म्हणाला, "बसू या. त्यांना अजून वेळ आहे."