ध्रुवावरचा बेशिस्त बर्फ

आमच्या हिमसंचय विभागाचं काम साधं आहे. ध्रुवावर किती बर्फ साचायला हवा ते आमचं संगणकीय प्रारूप सांगतं. किती साचला ते तिथे रोवलेल्या काठ्यांवरून कळतं. दोन्ही जुळलं की आम्ही चहा मागवतो.

या हिवाळ्यात बर्फाने ताळतंत्रच सोडलं. प्रारूपात तो गुडघाभर होता. पण काठ्या मोजायला गेलेल्या माझ्या मेहुण्याने वायरलेसवरून कळवलं की काठ्या दिसेनाशा झाल्या, राहत्या झोपडीच्या खिडक्या बुजल्या, दार उघडत नाही. बर्फ उपसायचं यंत्र पाठवा, नाहीतर मी आत गुदमरेन.

साहेबांनी याची गंभीर दखल घेतली. प्रारूपावर केवढा खर्च झालाय, काठीवर काय झालाय, असं म्हणत त्यांनी मोजमापं दुरुस्त करायला लावली. मीही कसूर केली नाही. सगळा बर्फ गुडघ्यावर आणला. मग जुळणी इतकी सुरेख झाली की प्रारूपाला 'प्रत्यक्ष मोजणीने सिद्ध' असा शिक्का मिळाला आणि विभागाला ढाल. आता गुडघाभर बर्फासाठी यंत्र पाठवणं काही नियमात बसेना.

घरी बायकोने माझ्याशी बोलणं टाकलं. शेवटी मीच मेहुण्याला वायरलेसवर गाठलं आणि दार ढकलायला सांगितलं.

"ढकलतोय, दाजी. हलत नाही."

"प्रारूपात हलतं. तुझाच जोर कमी पडत असेल."

"मग प्रारूपाला पाठवा ढकलायला," तो धापा टाकत म्हणाला.

हे उत्तर उद्धट ठरलं. उघड्या दाराने बाहेर का येत नाही, याचा साहेबांनी त्याच्याकडून खुलासा मागवला.  

अखेर त्याने कुऱ्हाडीने छप्पर फोडलं आणि शेजारच्या तळावरच्या लोकांनी त्याला वर ओढून काढलं. थंडीने दोन बोटं गेली, जीव तेवढा वाचला. हाताला पट्ट्या बांधून तो ऑफिसात येऊन उभा राहिला, तेव्हा साहेबांचा चेहरा खुलला.

"आलास ना बाहेर? म्हणजे दार उघडत होतं."

प्रारूप पुन्हा एकदा बरोबर ठरलं. आम्ही चहा मागवला.

हसा, खुशाल हसा. सकाळी कुडकुडत उठून, बाहेर थंडी आहे का हे आधी मोबाईलला विचारणारे तुम्हीच ना? मेहुण्याच्या खिडक्या निदान बुजल्या तरी होत्या. तुमची खिडकी तर उघडते.