गोळीबाईंची शिफारस

रविवारची उपासना संपली आणि मंडळी दाराकडे निघाली, तेव्हा गोळीबाईंनी आपल्या नणंदेच्या हातात एक पुस्तक ठेवलं. 'गप्प राहण्यातला आनंद' असं त्याचं नाव होतं. नणंद चर्चच्या गायनमंडळाची प्रमुख होती.

"वन्सं, घरी जाऊन निवांत वाचा," गोळीबाई म्हणाल्या. "तुमच्यासाठीच बाजूला काढून ठेवलं होतं."

नणंदेनं पुस्तकाकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता ते पर्समध्ये कोंबलं. पुस्तक लागू पडायला लागलं की काय, असं वाटून गोळीबाई खूश झाल्या.

गोळीबाईंचं औषधांचं दुकान होतं. गिऱ्हाईक पायरी चढून वर येईपर्यंत त्याला काय होतंय ते त्या ओळखायच्या. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. चर्चच्या दाराशी पुस्तकांचं टेबल मांडायचं काम पाळकसाहेबांनी त्यांच्यावर सोपवलं, तेव्हा ते टेबलही त्यांनी दुकानासारखंच चालवायला घेतलं. श्रद्धेच्या कादंबऱ्या डाव्या हाताला, मुलांच्या गोष्टी मध्ये, मनाला उभारी देणारी पुस्तकं उजव्या हाताला. कुणी जरा रेंगाळलं की त्या विचारायच्या, "काय होतंय?" आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत पुस्तक पुढे करायच्या. "हे घ्या. रोज झोपताना दोन पानं. मी तर वाचताना रडले हो."

रडल्याबिडल्या काही नव्हत्या. टेबलावरचं एकही पुस्तक त्यांनी वाचलेलं नव्हतं. मागच्या बाजूचा मजकूर तेवढा त्या बघायच्या, बाटलीवरचं लेबल बघावं तसा. दुकानातली सगळी औषधं आपण थोडीच पिऊन बघतो, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

नणंदेच्या बाबतीत तर त्यांच्या मनात काडीचंही कपट नव्हतं. आदल्याच दिवशी नणंद दुकानात खोकल्याचं औषध न्यायला आली होती. घसा बसलेला, डॉक्टरांनी आवाजाला विश्रांती द्यायला सांगितलेलं. आता घशाला विश्रांती म्हणजे गप्प राहणं, आणि गप्प राहण्यावर टेबलावर एक पुस्तक होतंच.

गोळीबाई एकच गोष्ट विसरल्या. त्याच बसलेल्या घशानं मागच्या रविवारी नणंदेचा वरचा सूर स्तोत्राच्या ऐन मध्यावर फाटला होता. सगळी मंडळी तेव्हा एकदम आपापल्या बुटांकडे बघू लागली होती. त्यावर कुणी चकार शब्द काढला नव्हता, आणि नणंदेला तेच जास्त लागलं होतं.

घरी आल्यावर तिनं पुस्तक नवऱ्यासमोर आपटलं. नवरा चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा.

"वहिनीनं दिलंय?"

"हो."

"'गप्प राहण्यातला आनंद'?"

"हो."

नवरा जरा वेळ काहीच बोलला नाही. तिथेच त्याचं चुकलं.

"तुम्ही गप्प का?" नणंद म्हणाली. "तुम्हालाही तसंच वाटतं ना?"

पुढच्या रविवारी नणंद चर्चला आली नाही. ऑर्गनवाल्यांची पाठ धरली, असा निरोप आला. पाठ धरली नव्हती, बायकोनं धरली होती. प्रमुख नाही म्हटल्यावर गायनमंडळातल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत मागच्या बाकावर जाऊन बसल्या. शेवटी पाळकसाहेबांनी स्वतःच स्तोत्राला सुरुवात केली. सूर असा काही वर लागला, की दुसऱ्या कडव्यापर्यंत त्यांच्याबरोबर फक्त लहान मुलंच उरली. तिसरं कडवं त्यांनी वाचून दाखवलं.

दुपारी गोळीबाईंचा नवरा बहिणीकडे जाऊन आला. आल्या आल्या त्यानं टोपी खुंटीला लावली आणि खुर्चीत बसला.

"तुझ्या पुस्तकामुळे झालंय सगळं."

"माझ्या? मी काय केलं?"

"तू तिला तोंड बंद ठेवायला सांगितलंस."

"अगं बाई! मी घशासाठी दिलं होतं हो!"

"मग घशाचं औषध द्यायचं. तुझं दुकान आहे ना?"

"ते तर दिलंच होतं की. हे वरून दिलं."

त्यानं कपाळाला हात लावला. गोळीबाई मात्र हातपाय गाळून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. एखादं औषध अंगावर आलं तर दुसरं देऊन बघायचं असतं. संध्याकाळी त्यांनी पुस्तकांचं खोकं उपसलं आणि एक जाडजूड कादंबरी काढली. मुखपृष्ठावर खिडकीशी उभी असलेली एक बाई, हातात गाण्याचे कागद, चेहऱ्यावर ऊन. मागे लिहिलं होतं, 'एका थोर गायिकेच्या आयुष्यातील देवाच्या कृपेची कहाणी'. थोर गायिका! याहून चांगला उतारा कुठला असणार? त्यांनी आत 'लाडक्या वन्संना' असं लिहिलं आणि नवऱ्याच्या हाती पाठवून दिली.

आठवड्याच्या आत नणंदेचा फोन आला.

"वहिनी, दहाव्या प्रकरणात तिचा आवाज जातो."

"जातो? हो, म्हणजे... जातोच ना."

"कायमचा जातो."

गोळीबाईंनी समोरच्या गिऱ्हाइकाला हातानंच थांबायची खूण केली.

"आणि वर ती म्हणते, बरं झालं, माझा गर्व गेला. गर्व, वहिनी! एवढ्या वर्षांत मला कुणी असं बोललं नव्हतं."

फोन बंद झाला. समोरच्या गिऱ्हाइकानं डोकेदुखीची गोळी मागितली होती. गोळीबाईंनी त्याला पोटाची दिली.

त्याच दिवशी नणंदेची सून आपल्या मुलीला घेऊन दुकानात आली. सासूच्या रुसव्याशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. तिला फक्त थर्मामीटर हवा होता. पण मुलगी काउंटरखालच्या पुस्तकांच्या खोक्यापाशी बसली आणि म्हणाली, "मला पक्ष्यांचं पुस्तक दे ना, आजी."

मुलाला नाही म्हणणं गोळीबाईंच्या रक्तात नव्हतं. वरच दिसलं ते पक्ष्याचं पुस्तक त्यांनी दिलं. चित्रं मोठी, रंग छान. एका काळ्याभोर कावळ्याची गोष्ट होती. त्याच्या आवाजाला कंटाळून सगळी पाखरं त्याला झाडावरून हाकलतात. शेवटी देव म्हणतो, "गा रे बाळा. मला तुझाही आवाज चालतो."

पोरीनं दोनच दिवसांत गोष्ट तोंडपाठ केली. मग ती कुणाला तरी म्हणून दाखवायला हवी. आजी स्वयंपाकघरात होती, घसा बरा झाल्यामुळे नकळत काहीतरी गुणगुणत होती. नात दारात उभी राहिली, दोन्ही हात पसरले, आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "गा रे बाळा! मला तुझाही आवाज चालतो!"

"कुणी शिकवलं तुला हे?"

"औषधवाल्या आजीनं पुस्तक दिलं."

नणंदेच्या हातातला डाव पातेल्यात पडला. ऑर्गनवाल्यांना खरंच हसू आलं होतं, आणि ते आवरताना त्यांना असा ठसका लागला, की त्यांचीही त्या दिवसापुरती गणना शत्रुपक्षात झाली.

आता ही गोष्ट चार भिंतींत राहिली असती तरी ठीक होतं. पण गायनमंडळ म्हणजे बायकांचं, आणि आठवड्यातून एकदा भेटणारं. ज्याच्या त्याच्या कानावर गेलं, की गोळीबाई पुस्तकातून टोमणे मारतात. मग जो तो घरी जाऊन आपलं पुस्तक नव्या नजरेनं बघू लागला. पोस्टमनला 'उशिरा आलेला आशीर्वाद' मिळालं होतं. मुख्याध्यापिकाबाईंना 'कठोर मनाला पाझर'. न्हाव्याला 'डोक्यावरचा हात' मिळालं होतं. त्यात त्याला बोट ठेवण्यासारखं काही सापडेना, तरीही तो चिडला. शंका एकदा शिरली की ती काय पुरावा मागत बसत नाही.

रविवारी टेबलासमोर रांग लागली ती पुस्तकं परत करणाऱ्यांची. रांगेत शेवटी पाळकसाहेब उभे होते.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तुम्ही मला 'थोडक्यात प्रार्थना' दिलं होतंत. माझी प्रवचनं फार लांबतात का?"

"नाही हो, साहेब! मुळीच नाही!"

"पण मग..."

"पुस्तक पातळ होतं म्हणून दिलं! तुम्हाला वेळ नसतो म्हणून!"

पाळकसाहेब मान हलवत निघून गेले. त्या दिवशीचं प्रवचन त्यांनी निम्म्यावर सोडलं होतं, आणि मंडळी लवकर सुटल्यामुळे सगळ्यांच्या जेवणाच्या वेळा चुकल्या.

गोळीबाई घरी आल्या त्या रडवेल्या होऊन. टेबल बंद करायचं त्यांनी मनाशी ठरवलं. पण टेबल गेलं तरी चालेल, नणंद जाऊन चालणार नव्हतं. त्या या घरात सून म्हणून आल्या, तेव्हा पहिल्या दिवशी सासूच्या नजरेपासून त्यांना पाठीशी घालणारी हीच होती. त्या तशाच नणंदेच्या घरी गेल्या. हातात काहीही न घेता.

नणंदेनंच दार उघडलं. "आज कुठलं आणलंस?"

"काही नाही आणलं, वन्सं. नुसती माफी मागायला आले."

"बस."

आत टेबलावर ती जाडजूड कादंबरी पालथी पडली होती. खुणेचा दोरा पार शेवटच्या पानाशी होता. ते बघून गोळीबाईंना धीर आला.

"पूर्ण वाचलीत ना? मग कळलंच असेल तुम्हाला, मी ती का दिली. शेवटी तिचा आवाज कसा परत येतो! मी तर ढसाढसा रडले तिथे."

नणंदेनं कादंबरी उचलून शेवटचं पान उघडलं.

"आवाज परत येत नाही."

"नाही?"

"ती मुक्या-बहिऱ्या मुलांची शाळा काढते. आणि तिथल्याच मास्तरांशी लग्न करते."

"हां, ते मास्तर! फार सज्जन—"

"वहिनी, तू ही वाचली आहेस का?"

गोळीबाईंनी पदराशी चाळा सुरू केला.

"खरं सांग."

"नाही."

"आणि ते गप्प राहण्याचं?"

"नाही."

"आणि कावळा? बारा पानांचा तर आहे तो!"

"चित्रं बघितली," गोळीबाई पुटपुटल्या. "वन्सं, मी त्यातलं एकही वाचलेलं नाही."

आता आपली उरलीसुरली अब्रूही गेली, असं त्यांना वाटलं. पण नणंद मटकन खुर्चीत बसली, आणि तिचे खांदे हलू लागले. आधी गोळीबाईंना वाटलं रडतेय. मग कळलं, हसतेय.

"म्हणजे तू मुद्दाम नाही दिलंस?"

"न वाचता मुद्दाम कशी देणार हो?"

"अगं, मग आधी का नाही सांगितलंस! मी इतके दिवस ओळ न् ओळ धुंडाळतेय, की हिला मला नेमकं काय म्हणायचंय!"

पुढच्या रविवारी नणंद चर्चला आली. ऑर्गनवाल्यांची पाठ बरी झाली. वरचा सूर लागला तेव्हा कुणी बुटांकडे बघितलं नाही. आणि उपासना संपल्यावर, कुणी न सांगता, नणंद उभी राहिली आणि त्याच मोकळ्या आवाजात म्हणाली, "मंडळी, कुणीही मनाला लावून घेऊ नका. आमच्या वहिनीनं त्या टेबलावरचं एकही पुस्तक उघडून बघितलेलं नाही!"

गोळीबाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण मंडळींच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पोस्टमननं मोठा सुस्कारा सोडला. पाळकसाहेबांनी तिथल्या तिथे दोन्ही हात उंचावून एक भलीमोठी आशीर्वादाची प्रार्थना सुरू केली.

त्या दिवसापासून टेबलाशी नणंदही बसू लागली. तिनं झपाट्यानं सगळं वाचून काढलं, आणि ती अगदी नेमकं सांगायची, कुणी काय वाचावं. पण गिऱ्हाईक मात्र तिच्यासमोरून सरकून गोळीबाईंच्या बाजूला यायचं.

"तुम्हीच द्या काहीतरी," मुख्याध्यापिकाबाई एकदा हळूच म्हणाल्या. "त्यांनी दिलं, की उगाच वाटत राहतं, हेच का दिलं. तुमचं बरं. तुम्ही वाचलेलं नसतं ना?"

गोळीबाईंनी डाव्या हाताची एक कादंबरी उचलली. हल्ली नणंदेच्या नादानं त्याही वाचायला लागल्या होत्या. ही तर त्यांनी कालच संपवली होती, आणि शेवटच्या प्रकरणात खरोखरच रडल्या होत्या. मुख्याध्यापिकाबाईंना ती फार आवडेल, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"छे हो," त्या म्हणाल्या. "मी कुठली वाचतेय!"