लाल डागाची नोट

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी हार्लन लुंडने स्वयंपाकघरातल्या टेबलावर नऊ पाकिटं ओळीने मांडली आणि बायकोला, व्हर्नाला, म्हणाला, "बस. आजपासून या घरात एकही डॉलर बेवारशी फिरणार नाही."

किराणा, पेट्रोल, वीज, औषधं, व्हर्नाचे केस... प्रत्येक पाकिटावर ठळक अक्षरात नाव होतं. सगळ्यात जाड पाकीट भट्टीचं. घर तापवणारी तळघरातली भट्टी गेल्या हिवाळाभर म्हाताऱ्यासारखी खोकली होती. नवी बसवणाऱ्याने बजावलं होतं, पंधरा ऑक्टोबरला दीड हजार आगाऊ द्या, नाहीतर तुमचा नंबर थेट एप्रिलात. डुलूथ शहराच्या बर्फाळ जानेवारीत भट्टी नसली, तर माणसाला उबेसाठी फ्रिजमध्ये जाऊन बसावं लागतं.

व्हर्नाने पाकिटं चाळली. "शुक्रवारचं कुठंय?"

"कुठला शुक्रवार?"

"क्लबातली मांसाची सोडत. नंबर लागला की ट्रेभर मांस. तिकिटांचे बारा डॉलर."

"तो जुगार आहे. खोडला."

"पंचवीस वर्षं खेळतेय मी! हे बजेट कुणाचं केलंस रे? आपलं तर दिसत नाही."

"आदर्श घराचं," हार्लन अभिमानाने म्हणाला.

"मग त्याच घरी जेवायला जा."

बंदरात चाळीस वर्षं जहाजांवर चढणाऱ्या खनिजाचा हिशेब हार्लनने ठेवला होता. बायकोचा टोमणा कोणत्या रकान्यात मांडायचा, तेवढं मात्र त्याला कधी जमलं नाही. त्याने तो सोडून दिला.

दोन आठवड्यांत फ्रीझरचा तळ दिसला. गेल्या वर्षाची सगळी बिलं तपासून हार्लनने किराण्याचा आकडा काढला होता, पण त्या बिलांत मांस नव्हतंच. असणार कुठून? या घरातलं बेकन, चॉप्स, सॉसेज, सगळं व्हर्ना सोडतीत जिंकून आणायची. जुगार खोडताना पठ्ठ्याने जेवणच खोडलं होतं!

तीन दिवस वाटाण्याचं सूप झालं. चौथ्या दिवशी तो दुकानात चॉप्सचा भाव विचारून आला आणि बराच वेळ गाडीतच बसून राहिला.

अशा वेळी शेजारची लॉरेन कुंपणावरून म्हणाली, "माझ्याकडे मांस पडलंय. आठवड्याचं पार्सल वीस डॉलर. दुकानाच्या निम्म्यात."

"एवढं आणतेस कुठून?"

"तुला चॉप्स हवेत की चौकशी?"

हार्लनला चॉप्स हवे होते. किराण्याच्या पाकिटात वीस डॉलर नव्हते, म्हणून दर शनिवारी तो भट्टीच्या पाकिटातून वीसची नोट काढायचा आणि वहीत लाल शाईने लिहायचा, 'भट्टीकडून उसने'. त्यात व्हर्ना सप्टेंबरपासूनच घरात लोकरीची टोपी घालून बसू लागली.

"थंडी वाजते?"

"सवय करतेय," व्हर्ना म्हणायची, आणि हार्लन आपला अर्धा चॉप तिच्या ताटात सरकवायचा.

सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी, व्हर्ना चर्चमध्ये गोधड्या शिवायला गेल्यावर, त्याने छातीवर दगड ठेवून भट्टीचं पाकीट मोजलं. पाच पार्सलं झाली होती. शंभर डॉलरची तूट हवी. तूट नव्हती. तीनदा मोजलं, पै न् पै जागेवर. कमी भरले असते तर हार्लन सुखाने झोपला असता. उसना पैसा न मागता परत आलेला त्याने जन्मात पाहिला नव्हता. तेवढ्यात एका वीसच्या नोटेवर लाल डाग दिसला. त्याचंच पेन गळून पडलेला. ही नोट तर त्याने गेल्या शनिवारी लॉरेनला दिली होती!

तो तसाच शेजारी गेला. "ही नोट माझ्या पाकिटात परत कशी आली?"

"व्हर्ना कुठंय?" लॉरेनने विचारलं.

"चर्चमध्ये. गोधड्या शिवतेय."

लॉरेनला हसून हसून दार धरावं लागलं. "मग क्लबात जाऊन बघ जा, गोधडी कुठवर आलीय!"

क्लबात गलका चालला होता. "सत्तेचाळीस!" पुकारा झाला आणि कोपऱ्यातून लोकरीची टोपी उठली. चॉप्सचा ट्रे घेऊन वळली, तो समोर नवरा.

"व्हर्ना! तिकिटांना पैसे कुठले?"

व्हर्नाने टोपी काढली. दोन महिने कात्री न लागलेले पांढरे केस गवताची गंजी कोसळावी तसे बाहेर आले. "केसांच्या पाकिटातले. महिन्याला पन्नास. माझंच होतं ना ते?"

"आणि मांस लॉरेनकरवी मलाच विकलंस?"

"फुकट आणलं असतं तर तू जुगार म्हणाला असतास. विकत घेतलंस तर वहीत पार्सलापुढे काय लिहिलंस? 'उत्तम सौदा'. खाली दोन रेघा."

"ते पैसे?"

"भट्टीत टाकले. तू काढायचास, मी भरायची."

दुसऱ्या दिवशी टेबलावर दहावं पाकीट आलं: 'शुक्रवार, बारा डॉलर'. ते लिहून हार्लनचा हिशेबी मेंदू पुन्हा चालू लागला. "भट्टीतून काढून भट्टीतच टाकायचे, तर ते वीस आता काढायचेच कशाला?"

"काढ. नेऊन दे लॉरेनला."

"का म्हणून?"

"दर पार्सलमागे ती बेकनचा एक पुडा ठेवून घेते. सौदा बंद, तर पुडा बंद. मग हार्लन लुंड दीड महिना आपलंच मांस विकत घेऊन खात होता, हे उद्या अख्ख्या क्लबाला कळेल."

हार्लनने नोट काढली आणि कोट चढवला.

पंधरा ऑक्टोबरला भट्टीवाल्याने दीड हजार मोजून घेतले. त्यात लाल डागाची नोट नव्हती. तिला शनिवारी काम होतं.